गालाच्या आतून

ड्युनेडिनला दक्षिणेचा वारा सुटला
की टेबलावरची माझी पत्रकं आधी उडतात
आणि मुलं धावतात ती गोळा करायला.
निम्मी नोंदणी अशीच होते.
उरलेली बिस्किटांमुळे.

मी मर्डोक. पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्यावर
एकतीस वर्षं क्रेन चालवली.
हाडाचा क्रेनवाला म्हणायचे मला.
आता बुधवारी इथे, लायब्ररीच्या दाराशी,
कापूस लावलेल्या काड्या घेऊन बसतो.

काडी गालाच्या आतून फिरवायची,
दात घासताना ब्रश चुकून जातो ना, तिथे.
मिनिटभराचं काम.
त्याआधी काही खायचं नाही, म्हणून बिस्किट नंतर.
पाकीट बंद केलं की तू आपल्या वर्गात जा.
बहुधा कुणी कधीच फोन करणार नाही.
हे मी आधीच सांगून टाकतो,
तेव्हा चेहरे थोडे पडतात.
वीस वर्षांच्या माणसाला
कुणाचा तरी जीव आजच वाचवायचा असतो.

लोसा औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
तिची आई पोरिरुआहून फोनवर, स्पीकर चालू:
पाठीच्या कण्यात सुई घालतात म्हणे!
कण्याला कुणी हात लावत नाही, बाई.
एका दंडातून रक्त निघतं, यंत्रातून फिरतं,
हवं तेवढं ठेवून घेऊन दुसऱ्या दंडातून परत येतं.
चार-पाच तास. पडल्या पडल्या सिनेमा बघायचा.
आधीचे काही दिवस इंजेक्शनं. हाडं ठणकतात, फ्लूसारखी.
क्वचित कमरेच्या हाडातून घेतात, भूल देऊन,
मग आठवडाभर बसताना आई आठवते.
आठवलेली बरीच, फोन म्हणाला.

घरातल्या घरात का नाही जुळत, लोसाने विचारलं.
जुळतं कधी, पुष्कळदा नाही जुळत.
एका माणसाचा सख्खा भाऊ, इयन,
बोलणं बंद असताना काडी फिरवून आला.
नाही जुळलं.
बोलणं मात्र सुरू झालं.
आणि तुझ्या बेटावरच्या कुणाला गरज पडली
तर आमच्यासारख्या स्कॉटिश नातवंडांत शोधून
फारसं हाती लागत नाही.
तुमच्याकडची नावं यादीत थोडी आहेत.

ती काडीच्या पाकिटाशी चाळा करत राहिली.
मग म्हणाली,
आणि आयत्या वेळी नको वाटलं तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

नाही म्हणता येतं. का, ते कुणी विचारत नाही.
पण एक दिवस येतो, लोसा,
त्या दिवसापासून पलीकडच्या माणसाची
स्वतःची मज्जा औषधांनी मारायला घेतात,
तुझ्यासाठी जागा करायला.
त्यानंतर तो रिकामा असतो, वाट बघत.
नाही म्हणायचं तर त्याच्या आधी म्हण.
आज म्हण. माझ्या तोंडावर म्हण.
मला राग येणार नाही.

तिला सांगितलं नाही
की त्या रिकामपणात मी एकोणीस दिवस पडून होतो.
सांगितलं असतं तर
माझ्याकडे बघून तिने सही केली असती,
आणि माझ्याकडे बघून केलेली सही
मी नसताना किती टिकते?

माझा रक्तगट ए होता. आता ओ आहे.
आज माझं रक्त तपासलं
तर ते एका बाईचं निघतं.
वय तेव्हा बावीस, एवढंच कळवलं होतं.
देश नाही, नाव नाही.
कधी दाढी करताना कापलं
तर मी जरा थांबतो.
तिचं सांडतंय असं वाटतं.

लोसाने पत्रक घडी करून खिशात घातलं.
आईला रात्री नीट वाचून दाखवते म्हणाली,
बिस्किट उचललं, आणि लीथच्या पुलावरून गेली.
पाकीट टेबलावर तसंच, न फोडलेलं.
ते मी परत खोक्यात टाकलं, बाकीच्यांत.
वर दगड ठेवला.